मुलांची पुस्तके कुलपातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलने ग्रंथदिंडीने सुरू होतात. अशा भागात अनेक वाचनालयांतले मुलांचे कपाट अजून कुलपात असावे, याचे वाईट वाटते. मोठ्यांसाठी वृत्तपत्रांचे टेबल असू द्या, पण मुलांचा विभाग आता वेगळ्या रीतीने चालवावा लागेल.

कारण वाचक बदलला आहे. आपल्याकडचे पाचवीतले मूल अनेकदा घरी मराठी बोलते आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी वाचते. त्याला देवनागरी अक्षरे ओळखता येतात, पण जोडाक्षरे आणि लांबलचक वाक्ये आली की ते अडखळते. त्याच्या हातात ‘वय 10 ते 12’ असे छापलेले जाड पुस्तक दिले, तर दुसऱ्या पानावर ते मिटते. बालवाडीचे दिले तर त्याला लाज वाटते. म्हणून पुस्तके वयाप्रमाणे नव्हे, वाचण्याच्या सोपेपणाप्रमाणे लावावीत. पुस्तकाच्या कण्यावर रंगीत टिकली पुरे : पानाला एक-दोन ओळी असतील तर लाल, चार-पाच ओळी असतील तर पिवळी, सलग मजकुराला हिरवी. वयाचा उल्लेख कुठेही नको. मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. पाचांहून अधिक शब्द अडले तर एक रंग खाली उतरावे. लाल टिकलीत प्राणी, यंत्रे, कोडी, चित्रकथा भरपूर हव्यात, कारण वाचन पहिलीचे असले तरी कुतूहल पाचवीचे असते.

दुसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. एकच गोष्ट मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत घेऊन जोडीने ठेवावी. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके अनेक भाषांत निघतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर दोन्ही भाषांतल्या मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत. त्या उतरवून, छापून वापरता येतात. मूल आधी सवयीच्या लिपीत वाचते, गोष्ट कळलेली असते, मग मराठी पानावर अंदाज बरोबर येतो. ज्या घरात आजी मराठी वाचते आणि नातू कन्नड, तिथे ही जोडी दोघांना एकत्र बसवते. कन्नड पुस्तक शेजारी आल्याने मराठीचे काही कमी होत नाही.

मांडणी साधी असावी. मुलांचे रॅक चार फुटांहून उंच नको. भिंतीला तीन इंच खोल, पुढे पट्टी असलेली सहा फुटी फळी ठोकली की सात-आठ चित्रपुस्तके मुखपृष्ठ दाखवत उभी राहतात. दर शनिवारी ती बदलावीत. पातळ चार-पाच पुस्तके एकत्र शिवून पुठ्ठा बांधण्याची पद्धत मात्र बंद व्हावी : मुखपृष्ठे झाकली जातात आणि एक मूल पाच जणांची पुस्तके घरी नेते.

खानापूर, बेळगावच्या पावसात या पातळ पुस्तकांच्या पिना गंजतात आणि मधली पाने सुटतात. मेमध्येच पिना काढून, मधोमध तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्यावे. चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि कागद खाते. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर असावा. भिजलेले पुस्तक उन्हात नको, पंख्याखाली उभे उघडून वाळवावे.

वेळही बदलावी. शाळा सुटते साडेचारच्या सुमारास आणि शनिवारी शाळा सकाळचीच असते, म्हणून रोज साडेचार ते साडेसहा आणि शनिवारी दुपारी मुलांचा विभाग उघडा हवा. शनिवारी वीस मिनिटे प्रकट वाचन, पंधरापर्यंत मुले, पुस्तक मुलांकडे वळवून, ओळीखाली बोट फिरवत. तेच पुस्तक पुढच्या शनिवारी पुन्हा वाचावे, तेव्हा मुले स्वतः शब्द ओळखू लागतात.

पुस्तक हरवेल, दंड बसेल, या भीतीने आया पुस्तक नेऊ देत नाहीत. शंभरातली पाच फाटणार-हरवणार असे धरूनच खरेदी करावी आणि मुलांना दंड माफ करावा. कुंडीत रोप लावल्यावर पाणी सांडेल म्हणून कोणी पाणी घालायचे थांबत नाही.

पैशांबद्दल एवढेच : घरपट्टीबरोबर आपण शेकडा 6 ग्रंथालय उपकर भरतो. ग्रामपंचायतींची ग्रंथालये 2019 पासून कर्नाटकच्या ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आहेत आणि 2020 च्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) उपक्रमात 6 ते 18 वर्षांच्या मुलांना तिथे मोफत सभासदत्व आहे. तेव्हा पालकांनी मुलांची नावे आधी नोंदवावीत आणि मराठी-कन्नड जोडपुस्तकांची यादी, प्रकाशक व किमतीसह, पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे (पीडीओ) लेखी द्यावी. पोच घ्यावी आणि पुढच्या ग्रामसभेत ती यादी विषयपत्रिकेवर घ्यायला लावावी.

— सीमाभागातील काही ग्रंथालय कार्यकर्ते, बेळगाव