टीम मोडताना निरोप आठ दिवस आधी घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्चअखेर ऐरोली, महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथल्या कार्यालयांत प्रोजेक्ट संपतात आणि वर्षानुवर्षे एकत्र राबलेल्या टीम मोडतात. निरोप मात्र शेवटच्या दुपारी उरकला जातो. तोवर निम्म्या लोकांची ओळखपत्रे जमा झालेली असतात, ईमेल बंद झालेले असतात आणि रात्रपाळीवाले घरी झोपलेले असतात. कळकळीची विनंती अशी, की हा कार्यक्रम किमान आठ दिवस आधी आणि शिफ्ट बदलते त्या वेळी ठेवावा. दोन्ही शिफ्टची माणसे भेटतात आणि राहिलेल्या गोष्टी निस्तरायला दिवस हाताशी उरतात.

केकशेजारी एक लॅपटॉप ठेवा आणि प्रत्येकाला आपले पीएफ खाते उघडून पाहायला सांगा. 12 अंकी यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला, कंपनीच्या सिमचा नंबर जोडलेला असेल, तर सिम परत केल्यावर ओटीपी येणार कुठे? आधारवरचे आणि खात्यातले नाव जुळते का, हेही तेव्हाच पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांची इथे फार अडचण होते. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली नाही, तर पैसे नव्या खात्यात नेताना अडते. ती स्वतःही नोंदवता येते, पण शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने थांबावे लागते. रिलीव्हिंग लेटरवर हीच तारीख आहे ना, तेही बघून घ्यावे. आणि हातात चार पैसे येतात म्हणून पीएफ काढायची घाई करू नये. सोबत पेन्शनचीही रक्कम काढली, की आधीची सेवा पुसली जाते आणि पेन्शनला लागणारी 10 वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. तरुण मुलांना हे कुणी सांगत नाही.

कंपनीचा गट आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरी मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील, त्यांनी तो संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करावा.

सर्वांत मोठी चूक होते ती कंत्राटी माणसांच्या बाबतीत. सफाई, सुरक्षा, कँटीन, बसचालक यांचा पगार कंत्राटदार देतो, त्यामुळे निमंत्रणाच्या यादीत त्यांची नावेच नसतात. दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळ्या साइटवर पाठवले जाते आणि इथे इतकी वर्षे काम केल्याचा एक कागदही त्यांच्याजवळ राहत नाही. मॅनेजरने नाव, काम, कधीपासून कधीपर्यंत आणि स्वतःचा फोन नंबर एवढे लिहून सही करून द्यावे. कंपनीच्या लेटरहेडला परवानगी लागते, म्हणून तीही आधीच मागावी. हे पत्र पुढच्या कामाला उपयोगी पडते, भेट दिलेल्या घड्याळापेक्षा कितीतरी जास्त. फोटोतही त्यांना मधे उभे करा.

शुभेच्छापत्रावर नुसते ‘ऑल द बेस्ट’ लिहू नये. त्या माणसाने केलेले एखादे नेमके काम लिहावे. भाषणात आधी सर्वांत नव्या माणसाला बोलू द्यावे. साहेब आधी बोलले, की बाकीचे तेच पुन्हा म्हणतात.

टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कंपनीच्या फोनवरून चालत असेल, तर तो फोन परत करण्यापूर्वी खासगी नंबर असलेल्या दोघांना अ‍ॅडमिन करावे. सगळ्यांचे नंबर एका कागदावर उतरवून त्याच्या प्रती वाटाव्यात, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही एक.

आपले,
मनुष्यबळ विभागात काम करणारे काही वाचक,
ऐरोली, नवी मुंबई