खारवेसच्या लोकांना एकेकच स्वभाव देऊ नका

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

महोदय,

खारवेस या काल्पनिक वाळवंटी शहराची कथा आपण पुरवणीत क्रमशः छापत आहात, याबद्दल आपले आणि लेखिकेचे मनापासून आभार. मराठी वर्तमानपत्राच्या पानावर दोन चंद्रांचे आकाश, मिठाची तटबंदी आणि वाऱ्याशी बोलणारी वाटाडी म्हातारी वाचायला मिळावी, ही माझी फार जुनी इच्छा होती. कथा मला आवडते म्हणूनच तिच्याविषयी एक तक्रार आहे, आणि ती शेवटचे भाग लिहून होण्याआधी लेखिकेपर्यंत पोहोचावी असे वाटते.

खारवेसमध्ये चार जमाती आहेत. उंटवाले शूर पण दगाबाज, पेढीवाले लोभी, खाणकरी सोशिक आणि विहिरींचे राखणदार गूढ. आजवरच्या एकाही भागात एखादा उंटवाला घाबरलेला नाही, एखाद्या पेढीवाल्याने कुणाला मुदत वाढवून दिलेली नाही. जमातीचे नाव कळले की माणूस पुढे काय करणार हे आधीच कळते. राजवाड्याच्या गोष्टीत हे एक वेळ खपेल. बाजारपेठेच्या गोष्टीत खपत नाही. मी उमेदीची वर्षे रविवार कारंज्याजवळच्या एका अडत दुकानात जमाखर्च लिहिण्यात घालवली. सटाण्याकडचा शेतकरी, इंदूरचा खरेदीदार, हुंडेकरी, तोलणारा, हमाल यांची भाषा वेगळी, देव वेगळे, जेवण वेगळे. पण संध्याकाळी सगळ्यांचा हिशोब एकाच वहीत बसवावा लागे. कोण कुणाचे किती देणे लागतो आणि कुणाच्या शब्दावर माल सुटतो, यावरून तिथे माणूस ओळखला जायचा. खारवेसमध्ये हजारो उंट येतात-जातात, पण अनोळखी विकणारा आणि अनोळखी घेणारा यांच्यामध्ये जामीन कोण राहतो, हे अजून एकदाही आलेले नाही.

मिठाची तटबंदी काही वाचकांना अतिशयोक्ती वाटली असेल. मला तर कथेतली ती सर्वांत खरी गोष्ट वाटली. सहारा वाळवंटात तघाझा नावाचे मिठाच्या खाणीचे गाव होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ साली तिथे राहून आला. घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर, झाड एकही नाही, पाणी मचूळ. राहणारे म्हणजे मसूफा टोळीचे गुलाम, काम मीठ खणण्याचे. खजूर उत्तरेकडून यायचा, धान्य दक्षिणेकडून. स्वतःचे म्हणून तिथे काही पिकत नव्हते. त्याच मिठाच्या एका उंटाच्या ओझ्याला वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या वलाता गावी ८ ते १० मिस्काल (सोन्याचे एक वजन) सोने मिळे, आणि पुढे माली साम्राज्याच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० सुद्धा. हा वाढलेला भाव कुणाच्या पदरात पडतो, या एका प्रश्नावर खारवेसचे सगळे राजकारण उभे राहू शकते. कथेतले खाणकरी सोशिक आहेत ते लेखिकेने तसे ठरवले म्हणून. तघाझाचे खाणकरी तिथून हलत नव्हते, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे होते आणि त्यांचा पुढचा घास उंटाच्या पाठीवरून येणार होता. खारवेसच्या खाणकऱ्यांचा घास कुठून येतो? ते मीठ खणतात एवढेच आम्हाला माहीत आहे.

इब्न बतूताने त्याच प्रवासात आणखी एक चाल लिहून ठेवली आहे, आणि वाटाड्या म्हातारीच्या प्रकरणांसाठी ती मला फार मोलाची वाटते. तांडा वलाताच्या दिशेने निघाला की एक माणूस पत्रे घेऊन एकटाच पुढे जाई. त्याला तकशीफ म्हणत. पत्रे पोहोचली की वलाताचे लोक पाणी घेऊन चार दिवसांच्या वाटेवर सामोरे येत. तो मध्येच मेला, तर वलाताला तांड्याची खबर लागत नसे आणि सगळा तांडा किंवा त्यातले बरेच जण पाण्यावाचून मरत. इब्न बतूताच्या तांड्याने यासाठी १०० मिस्काल सोने मोजले, आणि घेणारा माणूस मसूफाच होता. म्हणजे माणसांना मिठात राबवणारी टोळीही तीच, आणि तांड्याचा जीव आपल्या एकट्याच्या पायांवर तोलणारा माणूसही त्याच टोळीतला. अशा लोकांना एक विशेषण कसे पुरेल? आपली म्हातारी वाऱ्याशी बोलते हे सुंदर आहे, तिची जादू मुळीच काढू नये. पण तिला कुणी पाठवले, मजुरी काय ठरली, ती परत आली नाही तर तिच्या घरच्यांना कोण पोसणार, हेही लिहिले तर तिच्या एकटेपणाने वाचकाचा श्वास अडकेल.

विहिरींच्या राखणदारांबद्दल थोडेच सांगतो. ते पाणी फक्त शकुन पाहून देतात, हे मला पटत नाही. सीरियाच्या वाळवंटातले पालमिरा शहर झऱ्यावर वसले आणि तांड्यांवर श्रीमंत झाले. तिथे इ.स. १३७ मध्ये जकातीचा दर दगडावर कोरून लावला, ग्रीक आणि तिथली स्थानिक अशा दोन भाषांत. कारण त्या लेखातच दिले आहे: पूर्वी बऱ्याच मालावर नुसत्या वहिवाटीने जकात घेत, त्यावरून व्यापारी आणि जकातवाले यांच्यात वारंवार वाद होत. उंटाच्या ओझ्याला इतके, गाढवाच्या ओझ्याला इतके असे दर त्यात आहेतच, शिवाय शहरातल्या झऱ्यांच्या पाण्याची वर्षाची ८०० दिनार आकारणीही आहे. असा एक दगड खारवेसच्या वेशीत उभा करा. कुणीतरी रात्री त्यावरचा एक आकडा खोडला, तर पुढची दोन प्रकरणे आपोआप लिहून होतील.

बायकांविषयी मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. म्हातारी सोडली तर खारवेसच्या बायका गवाक्षात दिसतात आणि पडदा ओढून घेतात. १९०७ साली पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन यांना चीनमधल्या तुनहुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी, म्हणजे मध्य आशियातल्या समरकंदकडच्या, व्यापाऱ्यांची पत्रे सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, कधीच न पोहोचलेली. त्यातली दोन मिवनाय नावाच्या बाईची आहेत. नवरा तिला आणि मुलीला तुनहुआंगला सोडून गेलेला. ती सोग्दी वस्तीच्या प्रमुखाकडे गेली, नवऱ्याच्या नातलगाकडे गेली, तांड्याबरोबर परत पाठवा म्हणून दारोदार विनवण्या केल्या. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. शेवटी ती नवऱ्याला लिहिते की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झालेली पुरवली. तिच्या आईने आणि भावांनी तिला या प्रवासाला निघू नको म्हणून सांगितले होते, तेही त्यात आहे. रेशीम, कस्तुरी आणि चांदीच्या त्या सगळ्या वाटेवर मला सर्वांत जिवंत वाटलेला माणूस मिवनाय आहे. खारवेसमध्ये अशी एक तरी बाई बोलली पाहिजे, आणि तिचे नाव आम्हाला कळले पाहिजे.

हे सगळे परमुलखातले झाले असे कुणाला वाटू नये. पालमिरातल्या इ.स. १५७ च्या एका शिलालेखात शकांच्या देशाहून जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. आणि शकांची सत्ता एके काळी थेट आपल्या नाशिकवर होती. पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. हा शक सरदार बौद्ध भिक्षूंना लेणे देतो, ब्राह्मणांना दाने देतो आणि गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवतो: २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट आहे. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. हिशोब करून पाहा, बरोबर २४० होतात. माझ्यासारख्या जमाखर्च लिहिणाऱ्याला तो लेख वाचताना भरून येते. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून नोंदवलेलाही आहे. सतराव्या लेण्याचा दाता तर यवन (ग्रीक), उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, बापाचे नाव धर्मदेव, स्वतःचे इंद्राग्निदत्त. शक, यवन, विणकर, भिक्षू हे सगळे एका डोंगरावर एकमेकांच्या हिशोबात गुंतलेले आहेत. यातल्या कुणाला आपण लोभी, गूढ किंवा सोशिक म्हणून मोकळे होणार?

जाता जाता नाण्यांविषयी. मागच्या भागात नवा सुलतान जुनी नाणी नदीत फेकतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातली ९ हजारांहून जास्त गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून पुन्हा चालवलेली. एकाच नाण्यावर दोन्ही राजांच्या खुणा दिसतात. जिंकणारा शहाणा असेल तर चांदी फेकत नाही, आणि खारवेसच्या सुलतानाला लेखिकेने शहाणाच दाखवला आहे.

मिठाचा तांडा पुढच्या महिन्यात खारवेसच्या वेशीपाशी पोहोचेल असे आपण जाहीर केले आहे. त्या तांड्यात खाणकऱ्यांच्या बाजूने कोण आहे, राखणदारांनी वाटेत पाणी कोणत्या बोलीवर दिले आणि म्हातारीची मजुरी कोण चुकवणार, एवढे तरी आम्हाला वाचायला मिळावे, ही लेखिकेला विनंती. आपल्यालाही एक विनंती आहे: जागा असेल तर शहराचा नकाशा छापा. आमच्याकडच्या वाचनालयात मुले दर रविवारी विहिरी तटाच्या आत की बाहेर यावरून भांडतात, आणि मलाही ते जाणून घ्यायचे आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक