विषय : दोन टनी इन्व्हर्टर एसी खोलीतला दमटपणा काढत नाही – सहावी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसानं माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते आहे.

तुमचा एसी मे महिन्यात रत्नागिरीत आमच्या घरी बसला. खोली दहा बाय अकरा फुटांची. मी एक टनाचा मागितला होता. पाहणीला आलेल्या तुमच्याच माणसानं 'कोकणातला उकाडा, दोन टनाशिवाय भागायचं नाही' म्हणून दोन टनाचा लिहून दिला. तो कागद सोबत जोडला आहे.

खोली गार होते. गार होत नाही अशी माझी तक्रार कधीच नव्हती. पाच वेळा हे सांगितलं आणि पाचही वेळा कुणीतरी येऊन जाळ्या धुऊन, गॅस बघून, 'कूलिंग ओके' लिहून गेलं. रिमोटवर २४ दिसतं आणि अंग चिकचिकत असतं. आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं, ते रात्री ७८ ते ८२ टक्के दाखवतं. चादर हाताला ओलसर लागते. कपाटाच्या मागे बुरशी धरली आहे. या खोलीत माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि एसी चालू असताना त्यांच्या पाठीवर घामोळं उठलं आहे.

कारण तुम्हाला ठाऊक असणार. पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरच २७-२८ अंश असतात. एवढ्याशा खोलीत तुमचं मशीन सात-आठ मिनिटांत २४ला पोचतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा फिरतच राहतो, आणि कॉइलवर धरलेलं पाणी पाइपातून बाहेर जायच्या आधीच पुन्हा हवेत मिसळतं. हवेतलं पाणी निघायला कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. आमच्या दुसऱ्या, तेवढ्याच खोलीत २०११ सालचा एक टनाचा साधा एसी आहे. एका रात्री दोन्ही पाइपांखाली बादल्या ठेवल्या. सकाळी जुन्याची बादली अर्धी भरली होती. तुमच्या बादलीत जेमतेम दोन तांबे पाणी होतं.

हे सगळं आज फोनवर सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "काकू, दमट हवा हा तुमच्या गावाचा प्रॉब्लेम आहे, एसीचा नाही. एसीचं काम थंड करणं." मी म्हटलं, हवेतलं पाणी काढणं हेही एसीचंच काम आहे. १९०२ साली विलिस कॅरिअरनं पहिलं यंत्र आखलं तेच मुळी ब्रुकलिनच्या एका छापखान्यात कागद दमट होऊन छपाई बिघडत होती म्हणून. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन द्या, त्यांना टेक्निकल समजावतो." मी म्हटलं, मशीन मी घेतलं, पैसे मी भरले, मलाच सांगा. तर म्हणाला, "मग १८वर ठेवा," आणि फोन ठेवला.

१८वर? जानेवारी २०२० पासून सरकारी नियमानं एसी सुरूच २४वर होतो, तुमच्या मशीनवरही तसं स्टिकर आहे. १८वर सासूबाई कुडकुडतात आणि ओलसर चादर बर्फासारखी होते. ड्राय मोडही लावून पाहिला. खोली २४ला आली की तोही थांबतो.

पुरुष माणसाला फोन द्या! माझ्या घरात मीच कर्ती आहे. हे वाक्य मी विसरणार नाही.

१९९४ साली आमच्या घरी पहिला फ्रिज आला तो तुमचा. तो आजही माहेरी चालू आहे. त्या फ्रिजच्या भरवशावर दुसऱ्या कंपनीकडे न बघता मी हा एसी घेतला. आता शेजारणीनं विचारलं तर काय सांगू?

जाळ्या धुवायला आता कुणालाही पाठवू नका. हा एसी परत न्या, एक टनाचा बसवा, वरचे पैसे परत करा आणि आजच्या फोनबद्दल लेखी माफी मागा. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर दोन टनाची शिफारस केलेला तो कागद, आर्द्रतेचे फोटो आणि पाचही 'कूलिंग ओके'च्या पावत्या घेऊन मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. अर्ज लिहून तयार आहे.

– तुमची ग्राहक, रत्नागिरी