आईच्या तळहाताला लागलेला वारा

दादा, नमस्कार.

तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता लिहीत नाही. "ताई, कुठे टाकूबिकू नका, आधीच गाड्या लावायला जागा नाही," असं तुम्हीच बजावलं होतंत. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, लिंबाखालची पत्र्याची शेड, एवढंच सांगते. तशा तिथे चार आहेत.

गाडी आठवत असेल. पांढरी मारुती आठशे, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, नंबर अर्थात एमएच १५. अण्णांनी घेतलेली. ते गेल्यापासून मी चालवते. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी रिपासिंग, ग्रीन टॅक्स, सगळं निमूट करत आलेय. "काढून टाक ती" असं म्हणणारे घरात तीन आणि सोसायटीत सगळे.

फेब्रुवारीत गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. रबरी पाईप वाळून चिरले होते. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते या वयाच्या रबराला मानवत नाही, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. तेव्हा मी जवळच्या एका गॅरेजात गाडी दिली. नवे पाईप बसले, वास गेला. वर त्यांनी कुलूपवालं नवं झाकणही गळ्यात मारलं. "आजकाल पेट्रोल चोरतात मॅडम." मी खूश.

चैत्राच्या यात्रेत आईला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर निघाले. दिंडोरी मागे पडली आणि गाडीला उचक्या लागल्या. दोन, तीन, आणि बंद. भर दुपार, ऊन रणरणतंय, आई मागच्या सीटवर परडी मांडीवर घेऊन बसलेली. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर चालू, जणू काही झालंच नव्हतं. वणीच्या अलीकडे पुन्हा तेच. त्या दिवशी आम्ही गडावर पोचलोच नाही. आईनं रस्त्यातूनच डोंगराकडे तोंड करून हात जोडले, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढचे दोन महिने मी काय काय ऐकलं ते लिहिते, कारण ते अजून जिरलेलं नाही. पहिला म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा. कार्ब्युरेटर साफ, प्लग नवे. दुसऱ्यानं पंप बदलला. तिसऱ्यानं कॉइल. दर वेळी गावात चक्कर मारून किल्ली हातात द्यायचे, "बघा, मख्खन चालतेय." गावात ती चालतच होती! कॉलेज रोड, शालिमार, नाशिकरोड, कुठे म्हणून नखरा नाही. मग एका चकाचक ठिकाणी गेले. एसी वेटिंग रूम, मशीनचा कॉफी कप. तिथल्या टायवाल्यानं गाडीचं बॉनेटही न उघडता सांगितलं की या पैशात नव्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. आणि एकानं, त्याचं तोंड मला अजून दिसतं, मी लक्षणं सांगत असताना मध्येच विचारलं, "मिस्टर नाही आले का? त्यांना पाठवा, त्यांना समजेल." आमच्या ह्यांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही. पण ते असो.

तुमच्याकडे आले तेव्हा मी चिडूनच बोलत होते. तुम्ही हात पुसत ऐकलंत. सगळं. मग एकच प्रश्न विचारलात, "बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलंत का कधी?"

नव्हतं बघितलं. कोणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही टाकी फुल करायला लावलीत आणि स्वतः चालवायला बसलात. मी शेजारी, आई मागे, कारण तिला घरी सोडायला वेळ नव्हता. वाडीवऱ्हे गेलं, आणि घोटीच्या अलीकडे ती ओळखीची उचकी. गाडी कडेला घेऊन तुम्ही म्हणालात, "आता ऐका." झाकण फिरवलंत आणि फुस्स करून टाकीनं एवढा मोठा श्वास आत ओढला की मी दचकले. सेल्फ मारला, गाडी चालू. वीस मिनिटं थांबायची गरजच नव्हती.

तिथेच, ट्रक अंगावरून जात असताना, तुम्ही समजावलंत. पंप पेट्रोल ओढतो, तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. तिची एक वेगळी बारीक लाईन असते, ब्रीदर. उन्हात वाफ कोंडली तर तीही याच वाटेनं निघते, पुढे बॉनेटखालच्या कोळशाच्या डब्यात जाते. ही लाईन बंद, वर नवं झाकणही हवाबंद, मग टाकीत हवा उरते कुठे? पंप बिचारा ओढून ओढून थकतो. टाकी भरलेली असली की आत हवा मुळात कमी, म्हणून लवकर अडतं. आणि लांब जायचं म्हटलं की आपण टाकी फुल करतो. गावात मी तीनशे-तीनशेचं भरणार, दर तीन-चार दिवसांनी झाकण उघडणार, त्यामुळे आजार दिसायचाच नाही.

मागून आईचा आवाज आला, "म्हणजे तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडतो, तसं."

तुम्ही मागे वळून म्हणालात, "अगदी तसंच, आई." पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, हे तिनं जन्मभर पाहिलंय. पण दोन महिन्यांत एवढ्या मेकॅनिकांपैकी कोणी तिच्यासमोर काही बोललं असतं तर तिनं हे आधीच सांगितलं असतं.

गॅरेजात गाडी वर घेतल्यावर दिसलं ते तुम्ही मला वाकून बघायला लावलंत. पुरवठ्याचा पाईप नवा, परतीचा नवा. तिसऱ्याच्या जागी टाकीच्या नळीवर बोटभर रबराचा तुकडा आणि त्यात ठोकलेला स्क्रू. फालतू पाईप समजून कोणीतरी काम आटोपलं होतं. पुढचं सगळं मी इथे सांगत बसत नाही, मला ते धड कळलंही नाही. एक मात्र लक्षात राहिलं. नवा पाईप लावताना तुम्ही पोऱ्याला दोनदा ओरडलात, "झोळ ठेवू नको, झोळात पेट्रोल साचतं आणि वाट पुन्हा बंद." न दिसणाऱ्या जागेतल्या पाईपाचा झोळ!

पण हे पत्र त्यासाठी नाही. त्यानंतर जे झालं त्यासाठी आहे.

पाईप जोडायच्या आधी तुम्ही बाहेर आलात. लिंबाखाली स्टुलावर आई बसली होती. तिला म्हणालात, "आई, जरा हात द्या बरं, काम आहे." तिला हळूच बॉनेटपाशी आणून पुढच्या टोकासमोर तिचा तळहात धरायला लावलात. मग मागे जाऊन गाडीखाली आडवे झालात आणि लाईनच्या दुसऱ्या टोकातून तोंडानं फुंकलंत.

"लागतोय का वारा?"

"लागला!" आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या शेडमधला वेल्डर थांबला.

"पुन्हा बघा, नीट. दमादमानं येतोय की सलग?"

"सलग. गार लागतोय."

"मग झालं."

तुमच्या पोऱ्याचा हात मोकळा होता, हे मी पाहिलंय. माझाही होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा हात धरायची काही गरज नव्हती. पण दोन महिने जिच्या डोक्यावरून सगळं बोलणं चाललं होतं, जिचा गड हुकला होता, तिला तुम्ही तपासायला बसवलंत आणि ती हो म्हणाल्यावरच क्लिप आवळलीत. घरी येताना ती दर सिग्नलला तळहाताकडे बघत होती. त्या दिवसापासून घरात कोणी आलं की तिची गाडीची गोष्ट सुरू होते, आणि त्यात पाईप मीच पास केला असं असतं. खोटं नाही ते.

मला हुशार माणसांचं फार अप्रूप वाटेनासं झालंय. हुशार लोक त्या एसी खोलीतही होते. समोरच्याला समजेल असं धरून चालणारा माणूस मात्र विरळा. आमच्या शाळेतही मी हे बघते, पोराला "तुला नाही कळणार" म्हणणारे मास्तर बहुतेक स्वतःच अडलेले असतात. (यात मीही कधीमधी आहे.)

बिल साडेसहाशे केलंत. त्याआधी इतरांना मिळून सात हजारांच्या वर गेले होते, त्यातला पंप आणि कॉइल दोन्ही ठणठणीत होते हे तुम्ही सांगितलंत, पण त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाहीत. "घाईत राहून जातं ताई," एवढंच. माझ्यात तेवढा मोठेपणा नाही, म्हणून वर लिहिलंय ते लिहिलं. तो स्क्रू मात्र तुम्ही पुसून माझ्या हातावर ठेवलात. "पुढे कोणी फालतू पाईप म्हणालं तर दाखवा." डॅशबोर्डवर गणपतीशेजारी तो चिकटवून ठेवलाय.

गेल्या रविवारी गडावर जाऊन आलो. टाकी फुल होती. दिंडोरी गेली, वणी गेली, नांदुरीचा घाटही गाडी दुसऱ्या गियरमध्ये कुरकुरत चढली. आईनं तुमच्या नावानं वेगळा नारळ फोडला.

परत येताना प्रसाद द्यायला तुमच्याकडे थांबलो, तर तुम्ही एका जीपखाली होतात, नुसते पाय दिसत होते. हाक मारली नाही. डबा स्टुलावर ठेवलाय, पोऱ्याला सांगितलंय. पेढे आहेत आणि आईच्या हातचे थोडे रव्याचे लाडू. मिळाला असेलच. डबा परत द्यायची घाई नाही असं मी म्हणतेय, पण त्यावर आईचं नाव कोरलंय आणि ती रोज विचारतेय.

तुमची,
आठशेवाली ताई