पोराला पाठव, पण आधी हे वाच

मिरज,
रविवार, दुपार

प्रिय सदा,

स. न.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. 'हो, पाठव' एवढंच लिहायला बसलो आणि हात थांबला, म्हणून उत्तराला पाच दिवस लागले. पोरगं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून आलंय, तीन महिने मोबाइलवर माझ्या तंबाखू ओढायच्या लाकडी पाइपांचे फोटो बघतंय आणि 'काकांकडेच शिकणार' म्हणतंय, हे वाचून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. फोटोत पाइप फार देखणा दिसतो रे. भोक दिसत नाही.

त्या भोकाचंच आधी सांगतो. वाटीची, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाची, पोकळी साधारण १९-२० मिलिमीटर रुंद. तिच्या तळाशी, बरोबर मध्यावर, धूर ओढायचं भोक यायला हवं. ते जेमतेम ४ मिलिमीटरचं. जरा वर लागलं की तळाची तंबाखू जळत नाही, ओल धरते. पाच वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाने पाइप परत पाठवला, 'गुरगुरतो' म्हणून. मी ऐटीत कळवलं, तुमची तंबाखू ओली असेल. तरी रात्री झोप येईना. उठून उघडून बघितलं, तर स्टेमचं, म्हणजे तोंडात धरायच्या नळीचं, लाकडात बसणारं टोक आखूड. खोबणीच्या तळापर्यंत पोचतच नव्हतं, मध्ये ३ मिलिमीटरची फट. धूर तिथे थंड व्हायचा आणि पाणी साठायचं. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर बावीस वर्षं काढलेला माणूस मी! ३ मिलिमीटर म्हणजे आमच्या भाषेत भगदाड. दुसऱ्या दिवशी नवीन स्टेम करून, माफी मागून, माझ्या खर्चाने पाठवला. तो माणूस अजून गिऱ्हाईक आहे. आता प्रत्येक पाइपमध्ये तोंडाकडून तार घालून बघतो. ती न अडखळता वाटीत निघाली तरच पॉलिशला घेतो.

या धंद्यात मी शिरलो तो ठरवून नाही, हे तुला माहीतच आहे. कारखाना बंद पडला, घरामागे जुना लेथ टाकला, यंत्रांत बसणाऱ्या बुशिंगचं जॉबवर्क सुरू केलं. एक निवृत्त डॉक्टर तुटका पाइप घेऊन आले. लाकडी भाग धड होता, स्टेमचं टोक आत मोडून अडकलेलं. ते काढून नवीन करायला मला दोन दिवस लागले, पन्नास रुपये घेतले. मग त्यांनी आणखी चार आणले. ते चार मोडके पाइप हेच माझं कॉलेज. कोणाचं भोक कुठे चुकलंय, कोणाची भिंत पातळ राहून जळालीय, सगळं हातात उघडं पडलेलं.

पहिला स्वतःचा पाइप बाभळीचा केला. तिसऱ्या दिवशी तडकला. आंब्याचा तर आतून जळायलाच लागला. मग कळलं की जग ब्रायरचं लाकूड का वापरतं. भूमध्य समुद्राकाठी, इटली, कोर्सिका, ग्रीस, अल्जीरियाकडे एक झुडूप उगवतं, त्याच्या खोड-मुळाच्या सांध्याशी गाठ धरते. गाठ ओली ठेवून कापायची, तासन्‌तास उकळून आतला रस काढायचा, मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवायची. त्या लाकडाला निखारा सोसतो. फ्रान्सचं सेंट-क्लोद नावाचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या पाइपांवर नावारूपाला आलं. आपल्याकडे ती गाठ मिळत नाही, बाहेरूनच मागवायची. वरून ठोकळा कसा आहे ते काही कळत नाही. अर्धा घासून झाला की आत वाळूचा कण नाहीतर पोकळी निघते. दहातले दोन-तीन असे जातात. काही जण लुकण भरून दडपतात. मी तो भाग कोरून खडबडीत करतो आणि किंमत उतरवतो. चांगलं लाकूड कापताना काळीज हलतं. अजूनही.

सिक्सटेन इव्हार्सन नावाचा एक माणूस होता, १९१० सालचा, मूळचा स्वीडनचा, कोपनहेगनला राहिलेला. तोही पाइप दुरुस्तीच्या दुकानातूनच वर आला. तोवर आधी भोकं पाडायची आणि त्याभोवती आकार काढायचा अशी रीत होती. याने उलटं केलं: आधी लाकडाच्या रेषा बघून आकार, मग भोक. त्यामुळे डॅनिश पाइपांना ते वळण आलं. मुलगा लार्स त्याच कामात होता, नात नानाही त्याच कामात. (नातीचं नाव नाना! आपल्याकडे नाना म्हटलं की धोतर आणि छत्री.) तुझ्या पोराला हे भारी वाटेल. त्याला सांग, आकार आधी काढायचा असेल तर नंतरचं भोक डोळे मिटूनही चुकू नये इतका हात बसलेला लागतो.

हात बसणं म्हणजे काय, ते मला इथेच कळलं. गल्लीत एक वयस्कर सतारमेकर आहेत, त्यांना मी चाचा म्हणतो. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. चाचा जवारी काढतात, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवतात, तेव्हा बघत बसावं. घोडीवर कानस एकदा जास्त फिरली की सतारीचा आवाज गेला. स्टेमचं तोंडातलं टोक असंच असतं: जाड राहिलं तर दातांना खुपतं, एक हात जास्त घासला की भोक उघडं. चपड्याची, म्हणजे लाखेची, पॉलिश मी चाचांकडूनच शिकलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चाचा म्हणाले, "कागद आला. पोरं कधी येणार?"

पैशाचं सांगतो. महिन्याला सहा-सात पाइप होतात. पहिली चार वर्षं घर बुशिंगवरच चाललं. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं. पार्सल अडकलं की महिना बसला.

वहिनी विचारतात, 'तंबाखूचं सामान करून पोट भरायचं?' प्रश्न रास्त आहे. माझा मामा तोंडाच्या कॅन्सरने गेला, तू खांदा दिलास. तो चुना लावून खायचा, पाइप नव्हता ओढत, पण त्याआड मी लपणार नाही. पाइपनेही तोंडाचा, घशाचा कॅन्सर होतो. मी ओढत नाही, कोरडा दम घेऊन हवा कशी येते तेवढं बघतो. काही जण पाइप कपाटात मांडून ठेवतात, बाकीचे पेटवतात. गिऱ्हाइकाला वय विचारतो आणि पुढे गप्प बसतो. ही माझी सोय आहे, तत्त्व नाही. वहिनींना हे असंच सांग, गोड करून सांगू नकोस.

तर पाठव. पण दोन वर्षं ब्रायरला हात लावू देणार नाही. फक्त दुरुस्ती. तुझ्या अण्णांचा पाइप माळ्यावर असेल ना? उन्हात पडून पडून स्टेम हिरवट झालेला, दातांच्या खुणा असलेला? तोच पहिला घेऊन ये म्हणावं. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक, उन्हाने असंच रंगतं. तो घासून काळाभोर करायला त्याला किती दिवस लागतात, त्यावरून मला बरंच कळेल. राहायला माडीवरची खोली आहे, जेवण आमच्यात. पगार पहिलं वर्षभर नाही, नंतर बघू.

आणि जुने कपडे दे बरोबर. एबोनाइट घासल्यावर गंधकाचा वास कितीही धुतला तरी जात नाही. तुझी वहिनी माझे शर्ट अजून वेगळ्या बादलीत भिजवते.

तुझा,
बाळू