१०९ नव्हे हो, एकावर नऊ शून्यं!

संपादक महोदय,

विश्वात द्रव्यच का उरलं, यावरचा कालचा 'विश्वाचं कोडं अखेर सुटलं' हा लेख दोनदा वाचला. आधी उत्सुकतेने, मग पेन्सिल घेऊन. 'प्रतिद्रव्य आणि द्रव्य एकमेकांना संपवत गेले, १०९ जोड्यांमागे द्रव्याचा एक कण उरला' असं आपण छापलंय. (प्रतिद्रव्य म्हणजे द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं भावंड.) दहाच्या डोक्यावरचा नऊ खाली उतरला आणि अब्जाचे एकशे नऊ झाले! आपण सगळे त्या अब्जातल्या एका उरलेल्या कणाच्या जिवावर आहोत, निदान तो तरी नीट मोजा.

आणि सुटलं कुठे? क्रोनिन आणि फिच या भौतिकशास्त्रज्ञांना १९६४ मध्ये केऑन नावाच्या अल्पजीवी कणांत द्रव्य-प्रतिद्रव्याच्या वागण्यातला फरक सापडला. २०२५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात तो बॅरिऑनमध्ये, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कुळातल्या कणांतही दिसला. पण आजवर समजलेला फरक एवढं द्रव्य उरायला फारच तोकडा पडतो.

चुका होतात, मान्य. माझा राग जुना आहे. मागे आपल्याच पुरवणीत 'प्रतिद्रव्याचा एक कणही महाविध्वंसाला पुरे' असं ठळक अक्षरांत आलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने ते कात्रण चष्म्याच्या घरात जपून ठेवलं. पुढे तिला पेट स्कॅन सांगितला. त्यातला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन, म्हणजेच प्रतिइलेक्ट्रॉन, हे तिला तिथल्याच माहितीपत्रकातून कळलं आणि ती सुई न टोचून घेता घरी आली. "ताई, अगं सुईतून टोचतात त्या ग्लुकोजला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. त्यातून पॉझिट्रॉन सुटतो, शेजारचा इलेक्ट्रॉन गाठतो, दोघं संपतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. तेवढेच ते यंत्र टिपतं," मी दोन दिवस घसा कोरडा केला. शरीरातल्या पोटॅशियममधूनही अधूनमधून पॉझिट्रॉन सुटतच असतात, हेही सांगितलं. त्यावर ती आपल्याच पोटाकडे संशयाने बघू लागली. वर मलाच म्हणाली, "पेपरवाले काय उगाच छापतील?"

या प्रश्नाचं उत्तर आपणच तिला कळवावं. स्कॅन तिसऱ्या दिवशी झाला. महाविध्वंस झाला नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. शब्दकोडं पानाच्या घडीवर छापणं कृपया थांबवा. मधल्या चौकटींतले आकडे वाचता येत नाहीत.