रायजिन म्हणजे इंद्र नव्हे

संपादक महाशय,

रविवार पुरवणीत पर्जन्यदेवतांवरील लेखासोबत छापलेल्या चित्राखाली ‘जपानचा इंद्र’ अशी ओळ आहे. चित्र रायजिन या जपानी मेघगर्जनेच्या देवाचे आहे. इंद्र बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचला तो ‘ताइशाकुतेन’ होऊन. क्योतोच्या तोजी मंदिरात तो हाती वज्र घेऊन हत्तीवर बसलेला आजही दिसतो. मेघगर्जनेचे खाते मात्र रायजिनकडे. त्याच्या हातांत वज्र नसते, ढोल वाजवायची दोन टिपरी असतात आणि पाठीमागे कड्यात जोडलेले ढोल. हे ढोलांचे कडे चीनकडून आले. तिथल्या दुनहुआंगच्या २४९ क्रमांकाच्या लेण्यात, सहाव्या शतकात, ते रंगवलेले आहे.

आपण छापला तो चित्रकार तावाराया सोतात्सुने रंगवलेल्या जोडपडद्यांपैकी (सतरावे शतक, केन्निन-जी मंदिर) फक्त डावा. उजव्या पडद्यावर वाऱ्याची थैली धरलेला हिरवा वायुदेव फूजिन आहे, आणि दोघांच्या मध्ये नुसता सोन्याचा वर्ख. जागा वाचवण्यासाठी तो वर्ख कापल्यामुळे रायजिन कुणाच्या दिशेने झेपावतो आहे तेच कळत नाही. वरच्या कडेला ढोल तुटलेले दिसतात, ती मात्र छपाईची चूक नव्हे. सोतात्सुने ते मुद्दाम चौकटीबाहेर नेले, आणि एरवी लाल असणारा देव पांढरा रंगवला. अठराव्या शतकाच्या आरंभी चित्रकार ओगाता कोरिनने नक्कल करताना ढोल आत घेतले; चित्र नेटके झाले, पण झेप मंदावली. ओळखण्याची सोपी खूण: ढोल पूर्ण आणि कोरिनची सही असेल तर कोरिन, सोतात्सुच्या पडद्यांवर सही-शिक्का काहीच नाही.

लेखात सान्जूसान्गेन-दो मंदिरातील रायजिनच्या मूर्तीचे डोळे ‘काचेचे’ म्हटले आहेत. तेराव्या शतकातील, जेमतेम मीटरभर उंचीच्या या लाकडी मूर्तीचे डोळे स्फटिकाचे आहेत. असे डोळे बसवण्याच्या पद्धतीत मूर्ती अनेक ठोकळे जोडून, आतून पोकळ ठेवून घडवतात. लाकूड सुकताना तडकण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. मग चेहऱ्याच्या आतल्या बाजूने स्फटिकाचा पातळ तुकडा बसवतात, त्याच्या पाठीवर बुबुळ रंगवतात, मागे पांढरा कागद किंवा कापूस लावतात आणि बांबूच्या खिळ्यांनी पक्के करतात. अंधाऱ्या दालनात नजर ओलसर भासते ती यामुळे.

दुरुस्ती छापणार असाल तर दोन्ही पडदे शेजारी-शेजारी, फूजिन उजवीकडे ठेवून, पानाच्या पूर्ण रुंदीत छापावेत.

— एक वाचक, पुणे